दुहेरी करटाळणी करार: करमाफी नव्हे, वाटणी

अमरावतीजवळच्या भातकुलीतल्या घरातला मुलगा जर्मनीत नोकरीला असला, की ‘करार आहे, म्हणजे इथं कर लागत नाही’ असे सर्रास बोलले जाते. नावामुळे तसे वाटणे साहजिक आहे; पण दुहेरी करटाळणी करार (एकाच उत्पन्नावर दोन देशांनी पूर्ण कर घेऊ नये म्हणून केलेला तह) कर माफ करत नाही. दोन वावरांमधल्या धुऱ्यासारखे त्याचे काम: कोणी कुठवर पेरायचे, एवढेच तो सांगतो.

भारत-जर्मनी करार १९९५चा. मुलाच्या एनआरओ खात्यातील (अनिवासी भारतीयाचे इथले उत्पन्न जमा होणारे खाते) व्याजावर बँक एरवी ३० टक्के आणि वर उपकर कापते. करारानुसार भारताला १० टक्क्यांपर्यंतच कर घेता येतो. तेवढी रक्कम जर्मनीतल्या करातून वजा होते. अमरावतीच्या घरभाड्यावर मात्र भारताचा हक्क कायम राहतो.

व्याजावरची सवलत आपोआप लागू होत नाही. रहिवास दाखला (जर्मन करखात्याचे प्रमाणपत्र) व्याज जमा होण्याआधीच बँकेत द्यावा.