विश्लेषण : नाकातला पॉलिप काढूनही पुन्हा का वाढतो?

मुलाची एकच नाकपुडी महिनोन्महिने चोंदलेली असेल, तर कारण सर्दीच असेल असे नाही. गालामागील सायनसच्या पोकळीत उगवलेला पॉलिप नाकावाटे घशापर्यंत लोंबू शकतो. गुस्ताव किलियन यांनी १९०६ मध्ये त्याचे वर्णन केले होते.

पुन्हा का होतो?
नाकात दिसतो तो शेंडा; मूळ सायनसच्या भिंतीला असते. ते राहिले, तर पॉलिप पुन्हा वाढू शकतो.

पूर्वी काय करत?
वरच्या ओठाखाली छेद देऊन हाड उघडत. त्यामुळे गाल सुजे, बधिर होई. मुलांच्या हाडातील पक्क्या दातांनाही धोका असे.

आता काय करतात?
नाकातून दुर्बीण घालून सायनसचे तोंड रुंद करतात. ७० अंशांच्या दुर्बिणीने आडबाजूही दिसते आणि वाकड्या साधनांनी मूळ काढता येते. मूळ पुढच्या भिंतीला असेल, तर अश्रुनलिकेच्या पुढून वाट काढतात किंवा हिरडीच्या वर बारीक छिद्र पाडतात.

रुग्णाने काय पाहावे?
आधी सीटी स्कॅन करावा. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, कारण एकाच बाजूची गाठ वेगळ्या आजाराचीही असू शकते. ‘मूळ कुठे होते, पूर्ण निघाले का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे.