तांब्यावर टिकणारी शाई

रेडिओ उघडून पाहिल्यास आंत एक पातळ पाटी आढळते. तीवर तांब्याच्या बारीक वाटा असतात. वीज त्यांतूनच फिरते. व्हिएन्ना येथें जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्यानें १९३६ सालच्या सुमारास लंडन येथें अशी पाटी वापरून रेडिओ तयार केला. शास्त्राची गोडी असलेला विद्यार्थी आज ती घरींहि करूं शकतो. परंतु तिचें यशापयश पुष्कळसें लेखणीवर अवलंबून असतें. ती लेखणी कशी निवडावी, हें आम्ही येथें सांगणार आहों.

तांब्याचा पत्रा चढविलेली पाटी बाजारांत मिळते. ज्या वाटा राखावयाच्या त्या शाईनें रेखाटून पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणांत ठेवितात. उघडें तांबें विरघळतें. शाईखालील शाबूत राहतें. हा थर बहुधा ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें तिसाव्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणून शाईंत केसाएवढी फट राहिली तरी वाट तुटते.

दौतीची शाई पाण्यांत विरघळते; सबब ती निरुपयोगी. पांढऱ्या फळ्यावरील मार्करची शाई सहज पुसली जावी अशीच केलेली असते, तीहि नको. काच व प्लॅस्टिक यांवर टिकणारा, स्पिरिटासारख्या द्रवांत राळ कालविलेल्या शाईचा ‘पर्मनंट’ मार्कर घ्यावा. फार बारीक टोंकाची रेघ सुबक दिसते, पण शाईचा थर विरळ पडतो; जाड टोंकाचा थर दाट पडतो, पण जवळच्या दोन वाटा एकमेकींस मिळण्याची भीति असते. मध्यम टोंक बरें. दुसरा हात देणें झाल्यास पहिला पूर्ण वाळल्यावर, न घासतां द्यावा; नाहीं तर खालची शाईच सुटून येते.

तथापि वेष्टनावरील शब्दापेक्षां परीक्षा श्रेष्ठ. पाटीचा एक तुकडा घासून स्वच्छ करावा, कारण बोटाच्या तेलकट डागावर शाई धरत नाहीं. त्यावर दोन-तीन मार्करांनीं रेघा ओढून, वाळवून, तो द्रावणांत ठेवावा. मग शाई स्पिरिटानें पुसून भिंगानें पाहावें. जिच्याखालीं तांबें अखंड राहिलें तीच लेखणी आपली.

पालकांस विनंति कीं, हें काम मोठ्यांच्या देखरेखीखालींच व्हावें. डोळ्यांस संरक्षक चष्मा व हातांस रबरी मोजे असावेत. भांडें प्लॅस्टिकचें असावें. धातूच्या भांड्यासहि द्रावण खातें. वापरलेल्या द्रावणांतील तांबें जलचरांस घातक असतें, म्हणून तें मोरींत न ओततां विज्ञानाच्या शिक्षकांस विचारून त्याची विल्हेवाट लावावी. पाटी साधली पण ओढ्यांतील मासे मेले, तर तें ज्ञान कोणाच्या उपयोगाचें?