पंसुधोवक, झारेकरी आणि मिश्रणाचे विलगीकरण

शालेय विज्ञानात मिश्रणाच्या विलगीकरणाचा पाठ बहुधा वाळू-मिठापासून सुरू होतो. पाणी घातले की मीठ विरघळते, वाळू गाळणकागदावर राहते आणि गाळलेले पाणी आटविले की मीठ परत मिळते. चाळणे, निवळणे, संप्लवन, ऊर्ध्वपातन अशी नावे अनेक असली तरी तत्त्व एकच. घटकांचा कोणता गुणधर्म भिन्न आहे ते ओळखावे आणि त्या फरकाच्या आधारे ते वेगळे करावेत. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक. तरीही या विषयावर लिहीत आहे, कारण त्याचा एक तपशीलवार प्राचीन दाखला तिपिटकात आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात पंसुधोवक सुत्त येते. पंसुधोवक म्हणजे माती धुऊन सोने काढणारा. तो किंवा त्याचा अंतेवासी (निवासी शाळेच्या वाचकांनी हा शब्द ध्यानात घ्यावा) सुवर्णमिश्रित माती द्रोणीत ओतून धुतो. पहिल्या धुण्यात माती व खडे निघतात, दुसऱ्यात बारीक खडे व जाड वाळू, तिसऱ्यात बारीक वाळू व काळी धूळ. मग उरलेले सुवर्णकण सोनार मुशीत घालून तापवितो. भगवंतांनी हा क्रम चित्तशुद्धीला लावला आहे. दुराचरण हा स्थूल मळ, काम-द्वेष-हिंसेचे विचार हा मध्यम मळ. सूक्ष्म मळात आपल्या जनपदाचा व लौकिकाचा विचार येतो, आणि त्यांच्याआधी काही प्रतींत ‘जातिवितक्क’, तर काहींत ‘ञातिवितक्क’ असा पाठ आहे. बारीक वाळूप्रमाणे तो शेवटी निघतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

हेच काम महाराष्ट्रातील सराफपेठांतून झारेकरी करीत आले. दुकानांसमोरची धूळ, गटारातील गाळ आणि सोनाराच्या भट्टीची राख गोळा करून ते पाटीत धुतात. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, साधी वाळू सुमारे २.६५ पट, म्हणून पाटी गोल हलविली की वाळू काठावरून वाहते व सोने तळाशी बसते. अतिसूक्ष्म कण मात्र पाण्याबरोबर निसटतात. त्यांच्यासाठी पारा वापरतात, कारण तो सोन्याला सामावून घेतो, वाळूला नाही. कापडातून पिळून जास्तीचा पारा काढतात आणि उरलेला गोळा तापवितात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. बंद पात्रात वाफ थंड केली तर ते ऊर्ध्वपातन होते व पारा परत मिळतो. उघड्या शेगडीवर तीच वाफ करणाऱ्याच्या व त्याच्या लेकरांच्या फुप्फुसात जाते, आणि मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना बाधते.

हाती आलेल्या सोन्यात चांदी-तांबे मिसळलेले असते. इथे चाळणी वा पाणी निरुपयोगी. नत्राम्लात चांदी व तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही. परंतु सोन्याचे प्रमाण जास्त असल्यास आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी आणखी चांदी मिसळून सोने साधारण एक चतुर्थांशावर आणतात. शुद्ध करण्यासाठी प्रथम भेसळ वाढवावी लागते! पुढे त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी बाहेर पडते. हा रासायनिक बदल आहे, निव्वळ गाळणे नव्हे.

घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू या सर्वांचे असे व्यावहारिक ज्ञान असलेल्या माणसाला आपल्या समाजाने रसायनज्ञ म्हटले नाही, त्याची जात ठरविली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त मांडले. गटारात हात घालणारा एक आणि शुद्धतेचा शिक्का मारणारा दुसरा, ही त्या विभागणीची सराफपेठेतील रीत.

शाळेत हा प्रयोग पाऱ्याविना करावा. सोने धुणाऱ्यांना आजही अखेरीस काळी वाळू अडविते. तिच्यातील मॅग्नेटाइट पाण्याच्या सुमारे ५.२ पट जड असते, त्यामुळे ते सहज वाहून जात नाही. आपल्या भागातील काळ्या बेसाल्ट खडकात ते असतेच. दारणेची मूठभर वाळू वाळवून तिच्यावरून चुंबक फिरवावा. काळे कण उभे राहून चिकटतात. चुंबक आधी कागदात गुंडाळावा, नाहीतर ते कण सुटता सुटत नाहीत.