हिरड्यांचे आरोग्य आणि उतारवयातील स्मरणशक्ती

माणसाने साठी ओलांडली की त्याच्या दोन तक्रारींकडे घरातील मंडळी हमखास दुर्लक्ष करतात. एक, दात घासताना हिरड्यांतून रक्त येणे आणि दुसरी, विसरभोळेपणा. दोन्हींवर आपले उत्तर एकच असते, 'आता वय झाले.' परंतु या दोन तक्रारींचा परस्परांशी काही संबंध आहे काय, याचा शोध गेली काही वर्षे जगभरचे संशोधक घेत आहेत. त्यातून जे हाती आले ते आपल्या समाजबांधवांपर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करतो. तेव्हा जे वाचले व समजून घेतले ते साध्या भाषेत मांडत आहोत.

प्रश्न लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरात सातांहून अधिक. त्यातही स्त्रियांमध्ये व ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आढळले.

हिरड्यांचा रोग म्हणजे काय?

दातांवर सतत जंतूंचा चिकट थर साचत असतो. तो रोजच्या रोज घासून काढला नाही तर त्याचे टणक कीटण बनते आणि ते ब्रशने निघत नाही. त्यामुळे हिरड्या लाल होतात, सुजतात, त्यांतून रक्त येते. पुढे हिरडी दातापासून सुटते, मध्ये खोबण तयार होते, तीत पू साचतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. यालाच आपण पायोरिया म्हणतो. हा रोग बराच काळ दुखत नाही, म्हणूनच तो अंगावर काढला जातो.

मधुमेह्यांना हा रोग अधिक प्रमाणात जडतो आणि हिरड्या बिघडल्या की रक्तातील साखरही आटोक्यात राहणे कठीण होते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो. आपल्याकडे अनेक वयस्कर स्त्रियांना मशेरीची सवय आहे. मशेरीने दात मजबूत होतात हा समज खोटा आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या मागे हटतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तो वेगळाच.

मेंदूशी संबंध कसा?

सुजलेल्या हिरडीतील जंतू घास चावताना वा दात घासतानाही रक्तात उतरू शकतात. शरीर त्यांचा बहुधा लगेच निकाल लावते. परंतु सूज वर्षानुवर्षे राहिली तर तिच्याशी लढताना तयार होणारी रसायने रक्तातून सर्वत्र फिरतात. त्यांनी रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते व मेंदूतही दाह वाढतो, असे अनेक संशोधकांचे म्हणणे आहे. पायोरियातील एक प्रमुख जंतू पोर्फिरोमोनास जिंजिवालिस या नावाचा आहे. अल्झायमर झालेल्या रुग्णांच्या मेंदूत या जंतूची विकरे सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

त्याआधी २०१७ साली तैवानमधील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पायोरियाचे ९,२९१ रुग्ण व तो नसलेले १८,६७२ लोक यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना हा रोग दहा वर्षे होता त्यांच्यात अल्झायमरचा धोका सुमारे १.७ पट दिसला. २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी १४ अभ्यास एकत्र करून ३४,०७४ जणांची माहिती तपासली. दात गमावलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका १.२८ पट आढळला. मात्र ज्यांनी कवळी बसवून घेतली होती त्यांच्यात हा वाढीव धोका ठळकपणे दिसला नाही. दात नसलेला माणूस नीट चावू शकत नाही, भाकरी, उसळी, फळे सोडून देतो, चारचौघांत बोलायला संकोचतो. या सर्वांचा परिणाम मेंदूवर होत असावा, असे मानले जाते.

घाईचा निष्कर्ष नको

येथे सावध राहिले पाहिजे. आमच्या खातेवहीत एकाच दिवशी दोन नोंदी पडल्या म्हणून एक दुसरीमुळे पडली असे होत नाही. तसेच येथेही आहे. गरिबी, कमी शिक्षण, तंबाखू व मधुमेह यांनी हिरड्याही बिघडतात आणि स्मरणशक्तीही. शिवाय ज्याला विस्मरण जडू लागले तो दात घासायचेही विसरतो. म्हणजे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवणे अवघड आहे. वर सांगितलेल्या जंतूच्या विकरांना रोखणारे एक औषध अल्झायमरच्या ६४३ रुग्णांवर तपासले गेले. २०२१ साली निकाल आला तेव्हा एकंदरीत ऱ्हास थांबल्याचे दिसले नाही. २०२४ साली लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, एकटेपणा आहेत, हिरड्यांचा रोग नाही.

अर्धवट ज्ञानाने किती अनर्थ होतो याचे उदाहरण अमेरिकेत घडलेले आहे. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत, दातांतील जंतूंमुळे वेड लागते असे मानून रुग्णांचे दात सरसकट उपटले. पुढे आतड्यांवरही शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत अनेक जण दगावले. तेव्हा कोणी भीतीपोटी चांगले दात काढून टाकू नयेत.

मग हिरड्यांची काळजी का घ्यायची? कारण मेंदूला लाभ झाला तर तो वरकड. दात टिकणे, नीट जेवता येणे, साखर आटोक्यात राहणे हे लाभ तर पदरात पडणारच आहेत.

आपण काय करावे?

दंतधावनाचे महत्त्व आपल्याला नवे नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिल्याचे सांगितले आहे. दंतकाष्ठ न वापरण्याचे पाच तोटे तेथे येतात. त्यांत मुखदुर्गंधी व अन्न न रुचणे हेही आहेत.

१. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने दोन-दोन मिनिटे दात घासावेत. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये.

२. दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावे. त्याने दात हलतात हा गैरसमज आहे. कीटणाच्या आड दडलेली पोकळी उघडी पडते, इतकेच. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास ती मनाने बंद न करता दंतवैद्याला आधी सांगावे.

३. दात पडले असतील तर कवळी बसवून घ्यावी. रात्री ती काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी.

४. ज्यांना विस्मरण जडले आहे त्यांचे दात घरच्यांनी घासून द्यावेत. त्यांना ताठ बसवावे, उजेडात, शेजारी उभे राहून हळूहळू घासावे. दातांमध्ये बोट घालू नये. 'घासलेत का?' असे नुसते विचारून भागत नाही.

५. विसरणे वाढले तर डॉक्टरांना दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत.

खर्चाच्या भीतीने थांबू नये. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे माफक दरात उपचार मिळतात.

ज्या आईवडिलांनी अर्धपोटी राहून आपल्याला शिकवले, त्यांच्या तोंडातील दुखणे आपण 'वय झाले' म्हणून सोडून देतो. यापुढे तसे करू नये. हा लेख वाचून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना एकदा तोंड उघडून दाखवायला सांगावे, एवढीच वाचकांना आमची नम्र विनंती.