‘जुगार’ या शब्दाचे अर्थघटक : पोकर स्पर्धा आणि ख्रिस्ती श्रद्धा

एका शब्दात अर्थाचे अनेक घटक एकवटलेले असतात, हे आपण जाणता. हे घटक नेहमी एकत्रच वावरत असल्याने एरवी ते आपल्या लक्षात येत नाहीत; वाद उपस्थित झाला, की मात्र ते सुटे होऊ लागतात. प्रस्तुत लेखात आपण ‘जुगार’ या शब्दाकडे या दृष्टीने पाहणार आहोत. त्यासाठी घेतलेला वाद आपणांस काहीसा अपरिचित वाटेल : ख्रिस्ती श्रद्धेने जगणाऱ्या माणसाने पैसे भरून पोकरच्या स्पर्धा खेळाव्यात काय?

प्रथम शब्द पाहू. संस्कृत ‘द्यूत’, त्याचे प्राकृत रूप ‘जूअ’. हिंदीतील ‘जुआ’ आणि मराठीतील ‘जुगार’ हे याच कुळातील शब्द होत. या शब्दाच्या अर्थात किमान तीन घटक आहेत. निकाल दैवाधीन असतो, काहीतरी पणाला लावलेले असते आणि एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते. भिशीत चिठ्ठी निघते तेव्हा दैव असतेच. पण कोणाचेही पैसे बुडत नाहीत, केवळ पाळी ठरते. म्हणून भिशीला आपण जुगार म्हणत नाही. (लिलावाची भिशी हा निराळा प्रकार, तो येथे बाजूस ठेवू.) उलट, दैवाचा अंश अगदी थोडा असला तरी पैसे लावून खेळलेल्या खेळाला व्यवहारात जुगार म्हटले जाते. यावरून या शब्दाचा भार कोणत्या घटकावर आहे, हे आपल्या लक्षात येईल.

आता बायबलकडे वळू. जुगार खेळू नये, अशी थेट आज्ञा त्यात नाही. मात्र ‘चिठ्ठ्या टाकणे’ हा प्रयोग मराठी बायबलमध्ये वारंवार येतो. वधस्तंभाखाली बसून येशूची वस्त्रे वाटून घेणारे शिपाई चिठ्ठ्या टाकतात आणि यहूदाच्या रिक्त जागी मत्थियाची निवड करणारे शिष्यही चिठ्ठ्याच टाकतात. मूळ ग्रीकमध्येही दोन्ही ठिकाणी ‘क्लेरोस’ हाच शब्द आहे. धर्मोपदेशकवर्गासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘क्लर्जी’ हा शब्द याच ‘क्लेरोस’पासून आला आहे! कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दैवाची सोडत आणि पवित्र निर्णय यांचे हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. तात्पर्य, निकाल दैवाधीन असणे एवढ्यावरून बायबल एखादी कृती निषिद्ध ठरवीत नाही.

परंतु याच पावित्र्यातून पुढे वेगळा आक्षेप निघाला. चिठ्ठीचा निर्णय परमेश्वराकडून येतो, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. तर मग करमणुकीसाठी पत्ते पिसणे म्हणजे त्याला क्षुल्लक कारणासाठी निवाड्यास बोलावणे नव्हे काय? जेम्स बामफर्ड या इंग्रज धर्मोपदेशकाने १५९३ मध्ये अशा प्रकारची भूमिका मांडली. १६१९ मध्ये टॉमस गॅटकर याने चिठ्ठ्यांच्या स्वरूपावर स्वतंत्र ग्रंथ लिहून तिला उत्तर दिले. त्याच्या मते, पत्ता उलटणे ही इतर कोणत्याही घटनेइतकीच साधी घटना आहे. तिच्यावर खेळ बेतण्यास हरकत नाही. तिच्यातून देवाची इच्छा वाचू पाहणे, हे मात्र अयोग्य. गॅटकरची ही भूमिका लक्षात ठेवावी, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

पणाला लावलेल्या धनाविषयीची परंपरा अधिक कठोर आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्व्हिरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीला प्रभुभोजनाच्या सहभागितेतून दूर ठेवण्याचा नियम केला; खेळ सोडल्यास वर्षभराने तिला परत घेता येई. अठराव्या शतकात जॉन वेस्ली याने धनाच्या विनियोगावरील आपल्या प्रवचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणारा माणूस जुगाराने त्याचे धन हिरावू शकत नाही, असा युक्तिवाद केला. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाची भूमिका त्याहून सौम्य आहे : दैवाचे खेळ व पैजा मुळात अन्याय्य नाहीत, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचे त्यात हिरावले गेले, की ते अनैतिक ठरतात. शिवाय जुगाराची आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे.

हे सारे एका डावात कसे एकत्र येते, ते पाहा. २००७ साली लास व्हेगास येथील पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जेरी यांग यांनी जिंकली. लाओसमध्ये जन्मलेले, थायलंडमधील निर्वासित छावणीत राहून अमेरिकेत आलेले हे ह्मॉंग गृहस्थ निष्ठावान ख्रिस्ती होते. स्पर्धेत ६,३५८ खेळाडू होते आणि प्रवेशमूल्य १०,००० डॉलर. अखेरच्या डावात यांग यांच्या हाती अठ्ठ्यांची जोडी होती, तर प्रतिस्पर्धी तुआन लाम यांच्याकडे एक्का आणि राणी. मेजावर राणी आल्याने लाम पुढे गेले. शेवटचा पत्ता उघडायचा राहिला तेव्हा न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी केवळ सहा पत्ते यांग यांना तारू शकत होते. त्यांपैकीच एक, छक्की, आली आणि पाच ते नऊ असा क्रम जुळला. यांग मेजाशी उभे राहून उघडपणे प्रार्थना करीत. पहिले बक्षीस ८२,५०,००० डॉलरचे होते. त्यातील दशांश त्यांनी सेवाभावी संस्थांना दिला.

आता तिन्ही घटक येथे लावून पाहू. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि दीर्घ पल्ल्यात ते खरेही आहे. तथापि हा युक्तिवाद न्यायालयात जितका उपयोगी आहे तितका चर्चमध्ये नाही, असे मला वाटते. कौशल्याने घेतले म्हणून शेजाऱ्याचे धन शेजाऱ्याचे राहत नाही, असे नव्हे. आपल्याकडे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरील ऑनलाइन खेळांना बंदी करताना कौशल्य आणि दैव हा भेद सोडून दिला, हेही सूचक आहे. हुलकावणीचा आक्षेप मी गौण मानतो. कबड्डीत चढाई करणारा हुलकावणी देतो तेव्हा त्याला कोणी असत्यवादी म्हणत नाही. नियमांनी मान्य केलेली चकवणूक ही फसवणूक नव्हे.

श्रद्धावान खेळाडूची भक्कम बाजू निराळीच आहे. स्पर्धेत मेजावरील चकत्या म्हणजे रोख पैसे नव्हेत; त्या संपल्या, की खेळाडू बाहेर पडतो. प्रवेशमूल्याहून अधिक त्या स्पर्धेत कोणाचे जात नाही आणि ते प्रत्येकाने राजीखुशीने भरलेले असते. रोखीच्या मेजावर अशी मर्यादा नसते. तरीही बक्षिसाची रक्कम येते ती पराभूतांच्या प्रवेशमूल्यातूनच, आणि समोरच्याने ते उसने आणले की घरखर्चातून काढले, हे विजेत्याला कळण्याचा मार्ग नसतो. दशांश या प्रश्नाला स्पर्श करीत नाही. दशांश मिळालेल्या धनाविषयी बोलतो. ते कोणाकडून मिळाले, याविषयी नाही.

प्रार्थनेचे काय? आपले वर्तन शुद्ध राहावे, पराजय सोसता यावा, अशी प्रार्थना गॅटकरलाही खटकली नसती. पण आलेली छक्की देवाची खूण मानली, तर आधी आलेली राणी लाम यांच्याविषयी काय सांगते? येथे खेळ पुन्हा कौल होतो. पत्ते खेळण्यापेक्षा हे अधिक गंभीर, असेच गॅटकरने म्हटले असते.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दुर्बल बंधूला अडखळण होण्याविषयी जे लिहिले आहे, ते मराठी बायबलमधून आपण स्वतः वाचावे. तेथे प्रश्न मूर्तीला दाखविलेल्या नैवेद्याचा आहे, पत्त्यांचा नाही. ‘अडखळण’ या शब्दाचे कोणते अर्थघटक पोकरच्या मेजाला लागू पडतात आणि कोणते पडत नाहीत, हे १५ ते २० ओळींत लिहावे.