घट्ट होण्याची घटका

पावसाळ्याच्या दिवसांत सरकारी कामानिमित्त बंगळूरला जाण्याचा योग आला, तेव्हा एक सकाळ महादेवपुऱ्यात काढली. नावावरून शंकराचे देऊळ आणि त्याभोवतीचे शांत खेडे डोळ्यांपुढे येते. पण ते खेडे आता शोधूनही सापडणार नाही. शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्डच्या वाटेवरचा हा भाग संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींनी भरून गेला आहे. २०२३ साली मेट्रोही तेथवर पोहोचली. तथापि या इमारतींच्या पाठीमागे पत्र्याच्या छपरांचे लहान कारखाने अजून तग धरून आहेत. त्यांपैकी एकात मला जायचे होते. तेथे लसी व औषधे थंड ठेवण्याच्या पेट्या तयार होतात. मालक मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती.

मी गेलो तेव्हा गृहस्थ एक पेटी करवतीने उभी कापून तिच्या भिंतींकडे खिन्नपणे पाहत होते. पेटीच्या दोन कवचांमध्ये जो फेसाचा थर भरतात, तो मधोमध खचला होता आणि कोपऱ्यांत तर पोहोचलाच नव्हता. "सकाळचा सगळा घाणा बिघडला बघा साहेब," ते म्हणाले. "माल कालचाच, माप कालचंच." "मग बदलले काय?" मी विचारले. "हवा," ते म्हणाले.

पेटीच्या भिंतीत पोकळी राहिली, तर वरून काही दिसत नाही. पेटी रंगीत, गुळगुळीत, देखणी असते. परंतु एखाद्या आडवाटेच्या गावी तिच्यातले बर्फ वेळेआधी वितळते आणि आतली लस वाया जाते. त्यामुळे हा फेस नीट जमतो कसा आणि फसतो कसा, हे समजून घेण्याची मला उत्सुकता वाटली. मी एम. ए. झालो तो रसायनशास्त्र घेऊन नव्हे; तेव्हा जे मला कळले ते तुम्हालाही कळेल, याबद्दल मी निश्चिंत आहे.

या पदार्थाचे नाव पॉलियुरेथेन. गादीतला स्पंज, बुटाचा तळवा, लाकडावरचे चकचकीत रोगण आणि शीतपेटीच्या भिंतीतला कडक फेस ही सारी एकाच कुळातली भावंडे होत. जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली हे कूळ जन्मास घातले. दोन द्रव घ्यावयाचे, एक पॉलिऑल आणि दुसरा आयसोसायनेट. दोन्ही एकत्र येताच त्यांचे रेणू एकमेकांचे हात धरू लागतात, उष्णता बाहेर पडते आणि पातळ मिश्रणाचे घन जाळे बनते. ही झाली पहिली विक्रिया. दुसरी विक्रिया पाण्याची. मिश्रणात पाणी असले, की आयसोसायनेट त्याच्याशीही संयोग पावते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. अवघ्या अठरा ग्रॅम पाण्यापासून सुमारे चोवीस लिटर वायू निघू शकतो, यावरून त्याच्या जोराची कल्पना यावी. आरंभी हे बुडबुडे म्हणजे मालातील दोष समजला जाई. पुढे त्याच दोषावर फेसाचा सारा धंदा उभा राहिला.

बंगळूरच्या माणसाला हे समजावण्यासाठी इडलीहून चांगला दाखला नाही. पीठ आंबून वायूने फुगले पाहिजे आणि वाफेवर ते फुगलेल्या स्थितीतच घट्ट झाले पाहिजे. फुगणे आधी आणि घट्ट होणे फार मागाहून, असे झाले तर बुडबुडे फुटून सगळे बसते. घट्ट होणे आधी झाले, तर फुगायला वावच उरत नाही आणि साच्याचे कोपरे रिकामे राहतात. इडलीला दहा मिनिटांची सवड असते. पॉलियुरेथेनच्या फेसाचा बहुतेक निकाल दोन-तीन मिनिटांत लागून जातो.

या दोन विक्रियांचे पाऊल जुळवून देणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. उत्प्रेरण ही संज्ञा १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने रूढ केली आणि विल्हेल्म ऑस्टवाल्डने तिला नेमका अर्थ दिला, ज्याचा गौरव १९०९ च्या नोबेल पारितोषिकाने झाला. स्वतः खर्ची न पडता जो विक्रियेची गती बदलतो, तो उत्प्रेरक. जे मुळात घडणारच नाही ते घडवून आणण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. आपल्याला विरजणाची आठवण होईल, परंतु विरजणातले जंतू दुधात वाढतात. उत्प्रेरक वाढतही नाही आणि घटतही नाही. फार तर त्याला लग्न जुळवणारा मध्यस्थ म्हणता येईल. फेसाच्या बाबतीत मात्र या मध्यस्थाची गंमत अशी, की लग्न लागल्यावर तो घरी जाऊ शकत नाही. मांडवातच कायमचा अडकून पडतो. नव्या गाडीत बसल्यावर जो वास येतो, त्यात अशा अडकलेल्या उत्प्रेरकांचाही काही वाटा असतो. म्हणून आता रेणूंच्या जाळ्यात स्वतःच गुंफले जातील, असे उत्प्रेरक वापरू लागले आहेत.

मला स्वतःला विशेष वाटले ते हे, की उत्प्रेरक पक्षपाती असतात. अमाइन वर्गातले काही उत्प्रेरक पाण्याच्या विक्रियेला, म्हणजे फुगण्याला, हात देतात. काही घट्ट होण्याला. कथिलाची सेंद्रिय संयुगे बहुतांशी घट्ट होण्याच्या बाजूची. त्यांचा शंभर भागांत एक दशांश भागाहूनही कमी अंश पुष्कळदा पुरतो. तेव्हा 'उत्प्रेरक वाढवा म्हणजे काम लवकर होईल' हा सरधोपट विचार येथे घात करतो. दोन्ही विक्रिया सारख्याच पळवल्या, तर बिघाडही तेवढ्याच वेगाने होतो. कोणाला किती पळवायचे, हा खरा प्रश्न आहे.

मालकांनी एक कागदी पेला घेतला, त्यात दोन्ही द्रव ओतले, सळईने ढवळले आणि हातातले घड्याळ चालू केले. काही सेकंद काहीच घडले नाही. मग मिश्रण एकाएकी फिकट झाले. "साय धरली," ते म्हणाले आणि वेळ टिपली. मग फेस वर चढू लागला. त्यांनी त्यात काडी बुडवून उचलली, पुन्हा उचलली. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाकाची सुटावी तशी तार सुटली. ती घट्ट होण्याची घटका. नंतर फेस चढायचा थांबला आणि शेवटी बोट लावले तर चिकटेना. चार क्षण, चार आकडे. वहीतले मागील महिन्याचे आकडे त्यांनी शेजारी ठेवले, तेव्हा चोर सापडला. साय नेहमीपेक्षा लवकर आली होती, तार मात्र उशिरा. पॉलिऑलच्या पिंपाचे बूच रात्रभर सैल राहिले होते. पावसाळी हवेतला ओलावा आत शिरला आणि वायू वाढला. इकडे सकाळच्या गारठ्यात लोखंडी साचा थंड पडला होता, त्याने उष्णता शोषून घेतली. तापमान दहा अंशांनी उतरले, की विक्रियेची गती स्थूलमानाने निम्मी होते. फुगणे पुढे गेले आणि घट्ट होणे मागे राहिले.

२०२० च्या जानेवारीपासून एचसीएफसी-१४१बी हा जुना फुगवणारा पदार्थ ओझोनच्या रक्षणासाठी आपल्या देशात बंद झाला, तेव्हाही अशा कारखान्यांना सारी मापे पुन्हा बसवावी लागली. कथिलाच्या काही संयुगांवर ती विषारी असल्यामुळे युरोपात बंधने आली आहेत आणि त्यांच्या जागी बिस्मथ व जस्त यांची संयुगे येत आहेत. धातू बदलला, की पेला आणि घड्याळ पुन्हा हाती घ्यावे लागते.

हीच घटका दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवण्याचे काम आपल्या अग्निबाणांत करावे लागले. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर १९६७ साली थुंब्याला गेले आणि घन इंधनाच्या उभारणीत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते. त्यातील प्राणवायू देणारे क्षार आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांना बांधून ठेवणारे रबरही आयसोसायनेटनेच घट्ट करतात. म्हणजे तेही पॉलियुरेथेनच. येथे मिश्रण कित्येक तास ओतण्याजोगे राहावे लागते आणि मग कित्येक दिवस मंद उष्णतेवर मुरावे लागते. कारण घाईने घट्ट झालेल्या इंधनात चीर पडली, तर ज्वाला त्या चिरेत शिरते.

आणि आयसोसायनेट हा शब्द उच्चारल्यावर भोपाळ आठवल्यावाचून राहत नाही. १९८४ च्या डिसेंबरातील २ तारखेच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आत चाळीस टनांहून अधिक मिथिल आयसोसायनेट होते. पाण्याशी संयोग होऊन उष्णता वाढली, टाकीचा धातू झिजून लोह सुटले आणि त्या लोहाने उत्प्रेरकाचे काम केले. कोणी न मोजलेला, कोणी न मागितलेला उत्प्रेरक! हजारो माणसे प्राणास मुकली. पेट्यांच्या कारखान्यातले आयसोसायनेट त्या जातीचे नव्हे. ते सहज वायुरूप होत नाही. तरीही त्याचे सूक्ष्म तुषार फुप्फुसात जात राहिले, तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला, की पुढे अत्यल्प अंशही सोसवत नाही. मालाचे गणित चुकले तर पेटी फेकून देता येते.

मालकांनी साचे तापवायला लावले, नवे पिंप फोडले आणि घट्टपणाच्या बाजूचे अमाइन किंचित वाढवून पुन्हा पेला भरला. या वेळी साय आणि तार आपापल्या वेळी आली. आकडे वहीत गेले. कामगार ओतण्याच्या नळीकडे वळला, तशी मालकांनी खुंटीवर लटकलेल्या मुखपट्टीकडे बोट दाखवून त्याला कानडीत काहीतरी सुनावले; ती त्याने चढवली आणि मगच नळी उचलली.