मोबाईलमधील पडून राहिलेला माल

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी व्यापारविषयक काही लिहावे असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा तूर-हरभऱ्याच्या तेजीमंदीविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु तो विषय आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा. त्यापेक्षा गेल्या दिवाळीपूर्वी, साठ्याची मोजदाद चालू असता, आमच्या पेढीवर जो प्रकार उघडकीस आला तो सांगणे अधिक उपयोगाचे होईल. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले आहे. पुढील माहिती नातीकडून समजून घेऊन व स्वतः करून पाहून लिहिली आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

बेळगावच्या रविवार पेठेत भुसार मालाचा धंदा करताना वडिलांनी एक गोष्ट बजावली होती. वखारीच्या कोपऱ्यात विसरलेले पोते निरुपद्रवी नसते. त्यात किडा पडतो आणि तो शेजारच्या चांगल्या थप्पीत शिरतो. मोबाईलमधील न वापरलेल्या ॲप्सनाही हेच लागू पडते, हे मला वयाच्या साठीनंतर कळले.

त्या दिवशी सकाळी बार्शीच्या एका जुन्या अडत्यांचा फोन आला. तीस वर्षे ते आम्हांस मुदतीवर ज्वारी पाठवितात. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "शेठ, पेढीवर काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा. तुमच्याकडची बाकी राहिली म्हणून मला कोणाचा तरी वसुलीचा फोन आला." घाऊक पेठेत हा प्रश्न साधा नव्हे. मुदतीवर येणारा माल पेढीच्या नावावर येतो; अडचणीची कुजबूज सुटली की दुसऱ्या दिवसापासून रोखीची भाषा सुरू होते. दुपारपर्यंत असे आणखी चार फोन आले.

शोध घेता आमचे दिवाणजी मान खाली घालून उभे राहिले. दुकानाचा मोबाईल त्यांच्या ताब्यात असतो. मुलीच्या दवाखान्याच्या खर्चासाठी त्यांनी त्यावर कर्ज देणारे एक ॲप उतरवून आठ हजार रुपये घेतले होते, ते व्याजासह फेडले होते, आणि मग त्या ॲपचे चिन्ह पडद्यावरून काढून टाकले होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे विषय संपला होता. प्रत्यक्षात गेले होते ते केवळ चिन्ह. ॲप आत तसेच होते, आणि आरंभी दिलेली नावांच्या यादीची परवानगीही तशीच होती. ज्यांना फोन गेले त्यांतील लातूरच्या एका व्यापाऱ्यांचे नाव तर आम्ही कर्ज फिटल्यानंतर नोंदविले होते! म्हणजे त्यानंतरही आमची यादी कोणी तरी वाचीतच होते. फिटलेल्या कर्जावर आणखी रक्कम दाखवून त्या लोकांनी हे फोन चालविले होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या मोबाईलमधील नावे, फोनच्या नोंदी अथवा फाइली यांस हात लावता कामा नये. नियम न जुमानणारेही आहेतच. आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली. पण एकदा बाहेर गेलेली नावे ॲप काढल्याने परत येत नाहीत.

मला अधिक लागले ते निराळेच. एकोणीस वर्षे ज्या गृहस्थांच्या हाती गल्ल्याची किल्ली आहे, त्यांना आठ हजारांसाठी माझ्यापाशी शब्द टाकवला नाही.

त्याच रात्री नातीला घेऊन मी स्वतःच्या मोबाईलची मोजदाद केली. एकूण ६३ ॲप्स निघाली. नित्य वापरातली अकरा. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, तिचे ॲप मात्र माझ्याकडे नांदत होते. बिलांची छायाचित्रे काढण्यासाठी घेतलेले कॅमस्कॅनर, सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲप्सपैकी, तेही होते. विजेरीची दोन ॲप्स पाहून नात म्हणाली, "आजोबा, फोनला स्वतःची विजेरी आहे की!" लोडशेडिंग फार असे, एवढेच उत्तर मला सुचले.

आता कृतीविषयी. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडून, वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवून ॲप्सच्या व्यवस्थापनात गेले असता सर्वांची यादी मिळते, व ती सर्वांत कमी वापरलेल्यापासून लावता येते. तथापि यादी हाती आली म्हणून लगेच 'अनइन्स्टॉल' दाबू नये. ज्या ॲपमध्ये आपले खाते उघडलेले आहे ते खाते आधी आतूनच बंद करावे. ॲप काढल्याने खाते बंद होत नाही. उधारीची नोंद ठेवणारे ॲप असल्यास सर्व खातेउतारे प्रथम बाहेर काढून छापून घ्यावेत. पैसे आपोआप कापले जाण्याची संमती दिली असेल तर ती निराळी रद्द करावी लागते. जुन्या गाण्यांचे एक ॲप मी वर्षापूर्वीच काढले होते, परंतु महिना ९९ रुपये बिनबोभाट जात होते! यूपीआयच्या ॲपमधील 'ऑटोपे' या सदरात ती संमती सापडली. प्ले स्टोअरमार्फत घेतलेली वर्गणी असेल तर ती तेथील वर्गण्यांच्या यादीत असते. हे सर्व झाल्यावरच ॲप काढावे. कारखान्यातूनच बसवून आलेली काही ॲप्स निघत नाहीत; ती 'डिसेबल' करता येतात. आयफोनमध्ये 'ऑफलोड' नावाची सोय आहे, तिने ॲप जाते पण त्यातील माहिती फोनमध्ये राहते. जागा हवी असेल तर ती ठीक, माहिती मिटवावयाची असेल तर उपयोगाची नाही.

उत्साहाच्या भरात नातीने पंचांगही काढले होते. ते मी पुन्हा घेतले.

दुकानाच्या मोबाईलवर आता नऊ ॲप्स आहेत व नवीन घ्यावयाचे तर मला विचारून. पाडव्याच्या वहीत यंदा उचलीचे स्वतंत्र पान घातले. दिवाणजींनीच ते आखले. बार्शीहून माल पूर्ववत मुदतीवर येतो. लातूरचे व्यापारी मात्र अद्याप रोखीनेच मागतात, आणि मी देतो.